सुरक्षाशास्त्राची पदवी : कोणासाठी घडवलेली?

(पदवी परीक्षेनंतर पुढील शिक्षणाचा विचार करणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



कारगिलचे युद्ध १९९९ मध्ये झाले. त्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी मुले-मुली आज पदवीधर होऊन महाविद्यालयाबाहेर पडत आहेत. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला तेव्हा ती अजाण वयात होती. २०१९ चे पुलवामा आणि २०२० चे गलवान त्यांनी कळत्या वयात अनुभवले आणि २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या बातम्या त्यांनी रात्र-रात्र जागून पाहिल्या. या पिढीतील काहींच्या मनात राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय म्हणून उभा राहावा, हे स्वाभाविक आहे आणि शुभलक्षणही आहे. अभियांत्रिकी, वैद्यक आणि सनदी लेखापाल या तीन वाटांपलीकडे न पाहणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय घरात आता एखादी मुलगी सांगते की, तिला संरक्षण व सामरिक शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. आई-वडील एकमेकांकडे पाहतात. विषय चांगला आहे, पण पुढे काय, हे त्यांना विचारायचे असते. मुलीपुढे मात्र वेगळाच प्रश्न असतो. लंडन, वॉशिंग्टन, सिंगापूर, दिल्ली, गांधीनगर, पुणे यांपैकी कोठे जावे?

हा दुसरा प्रश्न बहुधा क्रमवारीच्या तक्त्यांवरून सोडवला जातो. जगात पहिल्या दहांत कोणते विद्यापीठ, पहिल्या पन्नासांत कोणते, हे पाहिले जाते. संगणकशास्त्राची किंवा जीवरसायनशास्त्राची पदवी निवडताना ही रीत काही अंशी चालते, कारण पेशीची रचना बोस्टनमध्ये आणि बारामतीत सारखीच असते. सुरक्षाशास्त्राचे तसे नाही. 'सुरक्षा' या शब्दाच्या आधी एक षष्ठी विभक्ती दडलेली असते. कोणाची सुरक्षा? हा प्रश्न न विचारता निवडलेली पदवी कितीही नामांकित असली, तरी ती दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा ठरण्याचा संभव असतो.

प्रत्येक विद्यापीठामागे एक राज्य

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील युद्धशास्त्र विभाग जगप्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेले इतिहासकार मायकेल हॉवर्ड यांनी तो उभा केला. साम्राज्य ओसरत असताना ब्रिटनने आपले लष्करी शहाणपण विद्यापीठात कसे जतन करून ठेवले, याचे ते उत्तम उदाहरण आहे. याच विभागाचे पुढे प्रमुख झालेले लॉरेन्स फ्रीडमन यांना ब्रिटिश सरकारने १९८२ च्या फॉकलंड युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिण्याचे काम दिले आणि सरकारी कागदपत्रे त्यांच्यासमोर खुली केली. तो दोन खंडांचा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य आणि विद्यापीठ यांच्यातील विश्वासाचे नाते असे असते.

याच्या शेजारी आपल्याकडील स्थिती ठेवून पाहावी. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. साठ वर्षे उलटून गेली, तरी तो अधिकृतरीत्या प्रसिद्ध झालेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये जगापुढे आला, तोही एका परदेशी पत्रकारामुळे. ज्या पराभवाने देशाची झोप उडवली, त्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला आजही परदेशी अभिलेखागारांचे उंबरे झिजवावे लागतात, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या सरकारला भूषणावह नाही.

वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन विद्यापीठाचा सुरक्षाशास्त्राचा अभ्यासक्रम हे दुसरे मोठे नाव. तेथील अनेक विद्यार्थी दिवसा सरकारी खात्यात, संरक्षण मुख्यालयात किंवा त्यांच्याशी संलग्न कंपन्यांत नोकरी करतात आणि सायंकाळी वर्गात बसतात. शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष गुप्तवार्ता संस्थांत व सैन्यात काम केलेले लोक असतात. अमेरिकन विद्यार्थ्यासाठी ती पदवी म्हणजे सरकारी सेवेच्या दाराशी नेणारा जिना आहे. मात्र ते दार अमेरिकन नागरिकांसाठीच उघडते. गोपनीय कामाची परवानगी मिळण्यासाठी तेथे नागरिकत्व लागते आणि सुरक्षा क्षेत्रातील खासगी कंपन्यांच्या बहुतेक जागांनाही तीच अट असते. आपला विद्यार्थी त्याच वर्गात बसतो, तेच शुल्क भरतो, तितकेच गुण मिळवतो; पण पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरील मित्र ज्या इमारतीत जातो, तेथे याला प्रवेश नसतो. यात अमेरिकेचा काहीच दोष नाही. स्वतःच्या सुरक्षेची व्यवस्था कोणतेही शहाणे राष्ट्र अशीच करील. आपल्या गुप्तवार्ता विभागात परकीय नागरिकाला घ्यावे, असे येथे तरी कोण म्हणेल?

तेथील पदवीनंतर काम करण्याची परवानगी सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते. विज्ञान-तंत्रज्ञान या वर्गात नोंदलेल्या अभ्यासक्रमांना आणखी दोन वर्षे मिळतात. पण सुरक्षाशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय बहुतांश विद्यापीठांत त्या वर्गात बसत नाहीत. नामांकित खासगी विद्यापीठात दोन वर्षांचे शुल्क आणि राहण्या-जेवण्याचा खर्च धरला, तर रक्कम एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. संगणक अभियंता तिकडच्या पगारातून कर्ज फेडतो. सुरक्षाशास्त्राच्या पदवीधराला ते इकडच्या पगारातून फेडावे लागण्याची शक्यता फार मोठी. घर तारण ठेवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडणे आवश्यक आहे आणि तो मांडण्यात मुलांच्या स्वप्नांचा अपमान मुळीच नाही.

सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात तेथील पहिले परराष्ट्रमंत्री एस. राजरत्नम यांच्या नावाची संस्था आहे. राजरत्नम यांचा जन्म जाफन्यातील तमिळ कुटुंबातला. मुंबईपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या या देशाने १९९६ मध्ये संरक्षण व सामरिक अभ्यासाची संस्था काढली, ती वाढवून २००७ मध्ये तिला आजचे रूप दिले आणि मलाक्काची सामुद्रधुनी, आग्नेय आशियातील दहशतवाद, चीन आणि शेजारी राष्ट्रे या आपल्या प्रश्नांचा अभ्यास करायला जगभरातून विद्यार्थी बोलावले. छोटे राष्ट्र आपले प्रश्न जगाला अभ्यासायला लावते! आपल्या सागरी हद्दीच्या दृष्टीने मलाक्का, अंदमान हे विषय महत्त्वाचे असल्यामुळे, नौदल व हिंदी महासागर यांत रस असणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभराचा तेथील अभ्यासक्रम वॉशिंग्टनपेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो. क्रमवारीच्या तक्त्यातून हे कळत नाही.

आपले घर

मग भारतात काय आहे? पुष्कळ आहे आणि पुरेसे नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या कारकीर्दीत, नोव्हेंबर १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. सह्याद्रीच्या कुशीतले एक नाव तिच्या जन्माशी आणि गोमंतकातले दुसरे तिच्या पाटीवर, हा योगायोग मराठी माणसाला सुखावणारा आहे. ही संस्था म्हणजे पदवीची शाळा नव्हे. तिचे ग्रंथालय आणि तेथील संशोधक हा विद्यार्थ्यासाठी ठेवा आहे.

पुण्यात बासष्टनंतरच्या वर्षांत विद्यापीठात सैनिकी अभ्यासाचा विभाग उभा राहिला. तोच आजचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग. त्याच्या आसपास काय नाही? खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दक्षिण कमांडचे मुख्यालय, पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन केंद्रे आणि प्रभात रस्त्यापासून कोंढव्यापर्यंत निवृत्त जीवन जगणारे शेकडो सेनाधिकारी. १९६५ आणि १९७१ च्या रणांगणांवर प्रत्यक्ष असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून, कागदपत्रांशी ताडून पाहून लिहिलेला एक प्रबंध कोणत्याही परदेशी पदवीइतकाच मोलाचा ठरेल. ही संधी लंडनमध्ये नाही आणि आणखी दहा वर्षांनी पुण्यातही नसेल.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन प्रशालेचे मूळ १९५५ मध्ये सप्रू हाऊस येथे स्थापन झालेल्या संस्थेत आहे. १९७० मध्ये ती संस्था या विद्यापीठात विलीन झाली. त्या विद्यापीठाच्या वैचारिक वातावरणाविषयी राष्ट्रवादी कुटुंबांत नाराजी असते आणि तिला कारणेही आहेत. तथापि, ग्रंथसंग्रह, भाषाशिक्षण आणि दिल्लीतील दूतावास व मंत्रालये यांचे सान्निध्य यांचा विचार करता, वातावरण आवडत नाही म्हणून तेथे जायचे नाही, ही भूमिका आत्मघातकी होय. डॉ. एस. जयशंकर यांनी तेथेच राज्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, अणुविषयक राजनय हा विषय घेऊन तेथेच पीएच.डी. केली आणि पुढे देशाचे परराष्ट्र धोरण सांभाळले. प्रतिकूल युक्तिवाद ऐकून घेऊन त्यांना उत्तर देण्याची सवय लागणे हेही शिक्षणच आहे.

गांधीनगरजवळचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ हे यांतील सर्वांत नवे. २००९ मध्ये गुजरात राज्याने रक्षाशक्ती विद्यापीठ सुरू केले होते. २०२० च्या संसदीय कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आले. पोलीस प्रशासन, सायबर सुरक्षा, किनारपट्टी सुरक्षा, गुन्हेशास्त्र अशा अंतर्गत सुरक्षेच्या विषयांवर त्याचा भर आहे. ज्याला पोलीस दले, कॉर्पोरेट सुरक्षा किंवा सायबर गुन्हे या क्षेत्रांत काम करायचे आहे, त्याने त्याचा विचार अवश्य करावा. ज्याला चीनचे लष्करी धोरण अभ्यासायचे आहे, त्याने प्रवेश घेण्यापूर्वी तेथे तो विषय शिकवणारे कोण आहेत, याची चौकशी करावी.

आता जे नाही त्याविषयी. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आढावा समितीच्या अहवालातून मोठे बदल झाले. संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, तिन्ही दलांचे एकात्मिक मुख्यालय झाले आणि कालांतराने, २०२० च्या प्रारंभी, संरक्षण दल प्रमुखाचे पदही आले. याच मंथनातून राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची योजना पुढे आली. गुरुग्रामजवळ बिनोला येथे २३ मे २०१३ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर सरकार बदलले, संरक्षणमंत्री बदलले. विद्यापीठ मात्र अद्याप सुरू झालेले नाही. अमेरिकेचे असे विद्यापीठ १९७६ चे, चीनचे १९८५ चे. पाकिस्ताननेही आपल्या संरक्षण महाविद्यालयाला २००७ मध्ये विद्यापीठाचे रूप दिले. राष्ट्रीय सुरक्षेवर उठता-बसता बोलणाऱ्या सर्वच पक्षांना हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि आपल्या मंडळींनी तो सर्वांत मोठ्याने विचारला पाहिजे.

पदवी आणि सेवेचे दार

सुरक्षाशास्त्राची पदवी घेतली की गुप्तवार्ता संस्थेत किंवा परराष्ट्र सेवेत निवड होते, असा एक समज पसरलेला आहे. तो दूर करणे अगत्याचे आहे. आपल्या देशात त्या दारांची किल्ली पदवी नसून परीक्षा आहे. परराष्ट्र सेवा आणि पोलीस सेवा यांचा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जातो आणि त्या परीक्षेच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत संरक्षणशास्त्र नाही. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आहे, त्यात काही भाग उपयोगी पडतो, इतकेच. सैन्यात अधिकारी व्हायचे असेल, तर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची दारे चोविशी-पंचविशीत बंद होतात. ज्याच्या मनात खरोखर गणवेश आहे, त्याने आधी एम.ए. आणि मग परीक्षा, असा क्रम लावणे म्हणजे हातचे प्रयत्न वाया घालवणे होय. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र असणाऱ्यांनी त्यांच्यासाठीच्या विशेष प्रवेशयोजनेची माहिती पदवीच्या शेवटच्या वर्षीच घ्यावी. अध्यापनात जायचे असेल तर 'नेट' परीक्षेत संरक्षण व सामरिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे; मात्र महाविद्यालयांतील जागा मोजक्या आहेत.

आणि ज्यांनी हे क्षेत्र घडवले, ती माणसे काय शिकली होती? 'रॉ'चे संस्थापक रामेश्वरनाथ काव इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. अजित डोवाल यांचा पदव्युत्तर विषय अर्थशास्त्र. भारतीय सामरिक चिंतनाचे भीष्माचार्य म्हणावेत ते के. सुब्रह्मण्यम मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकले होते. सामरिक अभ्यासासाठी ते लंडनला गेले, पण केव्हा? प्रशासकीय सेवेत सुमारे पंधरा वर्षे काढल्यानंतर, संरक्षण मंत्रालयातील प्रश्न हाताळल्यानंतर. स्वतःचा प्रश्न सोबत घेऊन ते गेले, परत आले आणि १९६८ मध्ये दिल्लीच्या संरक्षण अध्ययन संस्थेचे संचालक झाले. परदेशी शिक्षणाचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल. बाविसाव्या वर्षी प्रश्नाविना गेलेला विद्यार्थी बहुधा तेथलेच प्रश्न घेऊन परततो. भारत म्हणजे 'दक्षिण आशिया' नावाच्या एका आठवड्याचा विषय, भारत-पाकिस्तान म्हणजे दोन भांडखोर अण्वस्त्रधारी, हा तेथील अनेक अभ्यासक्रमांचा साचा नकळत त्याच्या डोक्यात बसतो.

याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा नाही. परीक्षेची शिकवणी जे देऊ शकत नाही, ते पदवीने द्यावे. एखादी भाषा, एखाद्या प्रदेशाचे सखोल ज्ञान, संशोधनाची पद्धत आणि स्वतः लिहिलेला प्रबंध. यांपैकी एकही गोष्ट न देणारा अभ्यासक्रम कोठलाही असो, तो घेऊ नये.

भाषेचे उदाहरण घ्यावे. चीनविषयी मत नसलेला माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. चिनी वृत्तपत्र वाचू शकणारी माणसे मात्र बोटांवर मोजावी लागतात. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीना भवन आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, वसंत परांजपे हा मराठी तरुण शिक्षणासाठी चीनला गेला. भाषा शिकला, परराष्ट्र सेवेत आला आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाष्याचे काम त्याने केले. दोन राष्ट्रांचे नेते समोरासमोर बसले असताना मधल्या खुर्चीवर कोण बसते, याला केवढे महत्त्व आहे! तेथे बसण्याचा अधिकार त्याला भाषेने दिला. बावीस-तेवीस वर्षांचे वय भाषा शिकण्याचे असते. चाळिशीत ती जिभेवर सहज बसत नाही. दोन पदव्यांमध्ये निवड करताना इतर सर्व सारखे असेल, तर जेथे चिनी, फार्सी, पश्तू, बर्मी किंवा तिबेटी शिकता येईल, ती पदवी घ्यावी. फार्सी तर महाराष्ट्राला परकी नाही. शिवकाल आणि पेशवाईची अनेक साधने त्याच भाषेत आहेत.

संशोधनाच्या पद्धतीविषयीही असेच. ३ आणि ७ फेब्रुवारी १९९३ रोजी रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आर.डी.एक्स. आणि शस्त्रे उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. माल उतरला तो सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही लोकांनी लाच खाऊन डोळे मिटले म्हणून. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. त्या किनाऱ्यावर रणगाडे नव्हते, क्षेपणास्त्रेही नव्हती. होती ती लाच आणि वर्षानुवर्षे चालत आलेली चांदीची चोरटी आयात. तिच्याकडे कोणीही राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहत नव्हते. पंधरा वर्षांनी पुन्हा समुद्रातूनच मारेकरी आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क, मत्स्यव्यवसाय खाते यांच्या हद्दी कोठे मिळतात आणि कोठे मिळत नाहीत? नौकांची नोंदणी कोण तपासते? किनाऱ्यावरच्या कोळी बांधवाने संशयास्पद होडी पाहिली तर तो कोणाला कळवतो आणि कळवल्यावर त्याचा दिवस वाया जातो की नाही? श्रीवर्धन किंवा गुहागरचा एखादा विद्यार्थी हा अभ्यास जितका चांगला करील, तितका जगातील कोणताही प्राध्यापक करू शकणार नाही. त्याला हवी आहे ती मुलाखती घेण्याची, आकडे तपासण्याची, नकाशे करण्याची पद्धत. ती जेथे मिळेल, ते त्याच्यासाठी पहिल्या क्रमांकाचे विद्यापीठ.

आकड्यांचा कंटाळा हा या क्षेत्रातील उत्साही तरुणांचा मोठा दोष आहे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यांतील सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १ लाख ८० हजार कोटी नव्या शस्त्रसामग्रीसह भांडवली खर्चाचे. म्हणजे नव्या साधनांवर जेवढे, जवळपास तेवढेच निवृत्तांवर. हे योग्य की अयोग्य, हा पुढचा वाद. पण ज्याला हे तीन आकडे ठाऊक नाहीत, त्याला लढाऊ विमाने कमी का, या चर्चेत बोलण्याचा अधिकार नाही. अभ्यासक्रमात संरक्षणाचे अर्थकारण शिकवले जाते का, हे माहितीपुस्तिकेत आवर्जून पाहावे.

आपल्या परंपरेविषयी थोडेसे. नाशिकला १९३७ मध्ये धर्मवीर डॉ. मुंजे यांनी भोसला सैनिकी शाळा काढली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सैनिकीकरणाचा आग्रह धरला. या वारशाचा अभिमान आपल्या घराघरांत आहे. परंतु अभिमान ही अभ्यासाची सुरुवात आहे, तिला अभ्यास समजू नये. पानिपताचे नाव काढताच मराठी माणसाचा कंठ दाटून येतो. त्या मोहिमेत धान्य कोठून येत होते, किती दिवसांचे होते आणि ते का तुटले, हे विचारले तर बहुतेकांकडे उत्तर नसते. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपताची भूमी स्वतः पायाखाली घालून, साधने चाळून १७६१ च्या त्या युद्धावर ग्रंथ लिहिला. सुरक्षाशास्त्राचा प्रबंध कसा असावा, याचा तो मराठीतला वस्तुपाठ होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांचे प्रकरण आहे. इतर सावकारांमागे सावकारीच असते, यांच्या मागे राज्य असते आणि म्हणून किनाऱ्यावर यांना कायमची जागा देऊ नये, हा त्यातील विचार अठराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. परकीय बंदर-कंपन्या आणि दूरसंचार यंत्रणा यांच्यावर आज जगभर जी चर्चा चालते, तिचे मूळ सूत्र पन्हाळ्याच्या परिसरात लिहून ठेवलेले होते. कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने रा. पं. कंगले यांच्याकडून १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. यातले काहीही न वाचता क्लाउझेवित्झ वाचणारा आणि क्लाउझेवित्झ न वाचता चाणक्याच्या नावाने फिरणारी सुभाषिते एकमेकांना पाठवणारा, हे दोघेही सारखेच अपुरे.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी चौकशी कशी करावी? माहितीपुस्तिकेतील इमारतीची छायाचित्रे बाजूला ठेवावीत. विभागाच्या ग्रंथालयात जाऊन गेल्या पाच वर्षांत तेथे सादर झालेल्या प्रबंधांची यादी मागावी. यादी मिळाली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मिळाली, तर त्यातले दोन प्रबंध तेथेच बसून वाचावेत. आंतरजालावरून उचललेला मजकूर कोणता आणि स्वतः केलेले काम कोणते, हे पदवीधर मुलाला तासाभरात ओळखता येते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे अलीकडचे लेखन पाहावे; निवृत्त सेनाधिकाऱ्यांची व्याख्याने होतात म्हणजे अध्यापन होते, असे नाही. मागील तुकडीतील दोन विद्यार्थी सध्या काय करत आहेत, हे त्यांना भेटून विचारावे. परदेशातील विद्यापीठाकडे पत्र लिहून एकच प्रश्न विचारावा : या देशाचे नागरिक नसलेले आपले गेल्या तीन वर्षांतील पदवीधर आज कोठे आहेत? प्रामाणिक विद्यापीठ याचे उत्तर देते. शिष्यवृत्तीशिवाय एवढे कर्ज काढू नये. आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा तर प्रवेशाच्या आधी वर्षभर तयारी लागते, म्हणजे आज तृतीय वर्षात असलेल्या मुलीने या दिवाळीच्या आत आपला विषय दोन पानांत लिहून काढलेला असावा. त्या दोन पानांत कोणता प्रश्न सोडवायचा आहे, त्यावर आजवर कोणी काय लिहिले आहे आणि कोणती कागदपत्रे व कोणती माणसे गाठावी लागतील, एवढे लिहावे. ती पाने घेऊन तिने एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडे आणि एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाकडे जावे, दोघांकडून ती लाल शाईने भरून आणावीत आणि मगच विद्यापीठांची यादी समोर घ्यावी.